बैलाची साखळी तारेवर

मित्रांनो, व्यंकटच्या घरी दाराआडच्या खिळ्याला एक गंजकी साखळी लोंबते आहे, ती मी. जुनी आहे हे सांगायला नको, पाहिलं की कळतंच. माझ्या मधल्या तीन कड्या एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. त्यामुळं मला धड गुंडाळता येत नाही, की सरळ टांगता येत नाही. या घरच्या सुना मला ‘ती वाकडी’ म्हणतात. म्हणोत बिचाऱ्या. मी वाकडी कशी झाले, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म देवणीच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला झाला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी धाव असते, तिच्यातून मी घडले. घिसाड्यांचं एक बिऱ्हाड तिथं उतरलं होतं. नवरा सांडशीनं लाल लोखंड धरायचा आणि बायको उभ्यानं घण मारायची. एकेक कडी वळवून, सांधा ठोकून, राखेत टाकून तिनं मला सात हात लांब केलं. मला विकत घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, “तुटंल का गं?” तर घिसाडीण कपाळाचा घाम पुसत म्हणाली, “बैल म्हातारा व्हईल बाई, ही न्हाई व्हायची.”

ती विकत घेणारी बाई म्हणजे गौरम्मा. देवणीपासून दोन कोसांवर तिचं गाव. नवरा वारल्यावर शेत तीच पाहायची. कपाळाला विभूती लावून, पदर खोचून ती दिवस उगवायला गोठ्यात यायची. तिच्याकडं पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा एक देवणी बैल होता, काजळ्या. तो दोरीचं दावं दोन महिन्यांत कुरतडून तोडायचा, म्हणून मला आणलं होतं. काजळ्यानं पहिले आठ दिवस मला हिसके देऊन पाहिलं. मग त्याला कळलं की ही काही ऐकणारी नाही. त्यानंतर आमचं बरं जमलं. ओढ कशी असते, जोर कुठून येतो आणि कुठं जिरवायचा, हे मी त्या बैलाकडून शिकले.

याच सुमाराला आमचा जिल्हा बदलला. इतकी वर्षं उस्मानाबाद होता, तो आता लातूर झाला. गावानं पेढे वाटले, शाळेत पोरांनी घोषणा दिल्या. ऑफिसं जवळ आली, साहेब जवळ आले. पाऊस तेवढा जवळ आला नाही. तो कुठल्या जिल्ह्यात गेला होता, कोण जाणे. एक वर्ष ओढलं, दुसरं ओढलं, तिसऱ्या वर्षी कडबा संपला आणि गोठ्यात नुसती धूळ राहिली. गौरम्माचा भाऊ बीदरकडं होता, तिथं तळ्याकाठी थोडं हिरवं होतं. तिनं काजळ्याला त्याच्या हवाली केलं. तो निघाला तेव्हा तिनं माझं कडं त्याच्या मानेतून सोडवलं. मग मला खुंटीवर टाकलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

सहा महिने मी त्या खुंटीवर काढले. ज्या साखळीला बांधायला काही नाही, तिला गंज फार लवकर चढतो.

एके दिवशी व्यंकट आला. तो गौरम्माच्या शेजारच्या घरातला, तिला अक्का म्हणायचा. अंगानं काटक, पायात टायरच्या चपला, खिशात पक्कड. तो ‘झिरो’ होता. तुम्ही म्हणाल, हे काय नाव? मित्रांनो, आमच्या भागात सरकारी वायरमनच्या हाताखाली गावातला एखादा माणूस काम करतो. खांबावर चढतो, फ्यूज बांधतो, तारा ओढतो. पण ऑफिसच्या कागदावर त्याचं नाव कुठंच नसतं. म्हणून तो झिरो वायरमन. खरा वायरमन शेषेराव. त्याच्याकडं बारा गावं, एक सायकल आणि वाढत चाललेलं पोट. चढायचं काम त्यामुळं व्यंकटचं.

“अक्का, ती साखळी दे की,” व्यंकट म्हणाला. “हापिसात एकच हाय, ती कुण्या गावाला जाऊन बसली, पत्ता न्हाई.”

“लाइटीच्या कामाला बैलाची साखळी?” गौरम्मा म्हणाली. “काय बांधून राहिला तू तिथं?”

“लाइन बांधायची.”

गौरम्मा हसली. पण त्यानं समजावून सांगितल्यावर हसणं थांबलं. खांबावर काम करण्याआधी लाइन बंद करतात. पण बंद केलेली लाइन कुणी चुकून चालू केली तर? म्हणून तारांवर लोखंडी साखळी टाकायची, तिन्ही तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. साखळीच्या खालच्या टोकाला एक तार बांधायची आणि ती जमिनीत ठोकलेल्या पहारेला गुंडाळायची. मग करंट आलाच, तर तो माणसाच्या अंगात न शिरता साखळीतून जमिनीत जातो आणि तिकडं सबस्टेशनात लाइन आपोआप बंद पडते. त्याला हे लोक ‘ट्रिप झाली’ म्हणतात.

“म्हंजी उधळलेल्या बैलाला खुंट्याला बांधायचं, तसंच झालं की,” गौरम्मा म्हणाली आणि मला खुंटीवरून काढून दिलं. “पर टाकत जा. घरी नेऊन ठिऊ नको.”

अशी मी तारेवर गेले. बांबूच्या टोकानं मला वर चढवायचे, आणि मी तिन्ही तारांवर आडवी पडायचे. वरून गाव दिसायचं. कोरडा ओढा, बोअरजवळची घागरींची रांग, उघडीबोडकी शिवारं.

आणि मला नवी भाषा शिकावी लागली. मी गोठ्यातली. माझ्या कानांना हे लोक सगळे गुराख्यासारखेच वाटायचे. “एक फेज लंगडा झाला रे,” शेषेराव म्हणायचा, आणि मी कुणाचा पाय दुखतो ते शोधायचे; फेज म्हणजे तीन तारांमधली एक तार. “मोटर उचलंना, नुसती घुमून राहिली.” “जंपर उडाला.” जंपर म्हणजे एका तारेतून दुसऱ्या तारेला वीज देणारा छोटा तुकडा, पण मला वाटायचं एखादं वासरू कुंपण ओलांडून गेलं. लाइन हे लोक ‘घ्यायचे’ आणि ‘द्यायचे’, आपण पाहुण्यांना पाणी देतो तितक्या सहज. सर्वांत नवल वाटलं ते एका गोष्टीचं. गोठ्यात ‘मेली’ हा शब्द आला की चूल बंद व्हायची. इथं “लाइन मेली का?” असं विचारून, “मेली” असं उत्तर आलं की व्यंकटचा चेहरा सैल पडायचा आणि तो विडी पेटवायचा. मेलेली लाइन म्हणजे सुख. जिवंत लाइनीची भीती.

हळूहळू मी त्या भाषेत मुरले. पहिलं वर्ष व्यंकट मला विसरला नाही. पण मित्रांनो, सवय ही गोष्ट गंजासारखीच गुपचूप चढते. शंभर वेळा मला वर टाकलं आणि शंभर वेळा काहीच झालं नाही. मग त्याला वाटू लागलं, हे उगीच ओझं. आधी तो म्हणायचा, “साखळी आण.” मग म्हणू लागला, “दहा मिनिटांचं काम, साखळी कशाला?” मी त्याच्या घरी कोपऱ्यात पडू लागले. माझ्यावर कोंबडी बसायची.

त्या वर्षीचा मे महिना. बोअरच्या लाइनीवरचे जंपर जळाले आणि दोन दिवस गावाची मोटर बंद पडली. पिण्याचं पाणी तेवढंच होतं. बायका कोसभर लांबच्या एका विहिरीवरून अर्धी अर्धी घागर आणत होत्या. तिसऱ्या दिवशी शेषेराव पहाटेच सायकल मारत सबस्टेशनला गेला. तिथं अमृतराव नावाचा ऑपरेटर होता. गावात टेलिफोन नव्हता, म्हणून या लोकांची एक रीत होती, घड्याळावरची लाइन. अमृतरावनं सांगितलं, “दहा ते बारा लाइन बंद, तुमची. बाराला मी परत चालू करणार. पुढच्या गावांची बी मोटर हाय.” शेषेराव बरं म्हणाला आणि परत आला. निरोपाला माणूस नाही, तार नाही. दोघांच्या मध्ये फक्त दोन घड्याळं.

खांबाखाली गाव जमलं होतं. व्यंकटनं कमरेला दोर बांधला आणि चढायला पाय उचलला. तेवढ्यात गौरम्मा विहिरीवरून आली. डोक्यावर घागर, तोंड उन्हानं काळवंडलेलं.

“माझी साखळी कुठं हाय?” तिनं विचारलं.

“घरी हाय, अक्का. दोन जंपर बांधायचे, उतरायचं.”

“घेऊन ये.”

“अक्का, येळ न्हाई. बाराला लाइन येती.”

गौरम्मानं घागर खाली ठेवली आणि खांबाला पाठ लावून मांडी घालून बसली. “मी हितं बसले. चढ माझ्या डोस्क्यावरून.”

लोक हसले. शेषेराव वैतागला. “गौराक्का, पाण्याचा खोळंबा व्हतोय.”

“व्हऊ दे. दोन दिस झाला, अजून अर्धा घंटा व्हऊ दे. पाणी प्यायला माणूस ऱ्हायला पायजे का न्हाई?”

व्यंकट तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत घरी गेला आणि कोंबडी उठवून मला घेऊन आला. आता खरं ते सांगते. मला आणण्यात, बांबूवर चढवण्यात, तार बांधण्यात चांगला अर्धा तास गेला. पुढं जे झालं त्यात या अर्ध्या तासाचाही हात होता. ते मी लपवत नाही.

पहार ठोकायची वेळ आली तेव्हा दुसरीच अडचण निघाली. काळी जमीन वाळून हातहात भेगाळली होती. पहार ठोकली की भेगेत सैल उभी राहायची, हलवली की डुलायची. व्यंकटनं मान हलवली. “अर्थ तहानलेला हाय, शेषेराव. ह्यात करंट उतरायचा न्हाई. पाणी पाजावं लागतंय.”

‘अर्थ’ म्हणजे करंट जमिनीत उतरवणारी पहार, आणि तिला पाणी पाजणं ही या धंद्यातली नेहमीची बोली. उन्हाळ्यात पहारेच्या बुडाशी पाणी ओततात, म्हणजे ओली माती करंट धरते. पण त्या दिवशी तो शब्द ऐकून सगळ्यांच्या नजरा गौरम्माच्या घागरीकडं वळल्या. पाणी? इथं?

“ऱ्हाऊ दे तसंच,” शेषेराव म्हणाला. “साखळी टाकली ना. झालं.”

गौरम्मा उठली. कोसभरावरून आणलेली घागर तिनं उचलली आणि पहारेच्या बुडाशी वाकवली. माती चर्र झाली. एक बाई ओरडली, “अगं अगं, येडी झालीस का? लेकरं काय पितील?”

“शिव शिव म्हण आणि गप बस,” गौरम्मा म्हणाली. घागर रिकामी होईपर्यंत तिनं हात थांबवला नाही. मग भेगांत पायानं माती लोटून ती दाबली. पहार घट्ट बसली. मला ते खालच्या टोकाला जाणवलं. जमिनीनं मला धरलं होतं.

व्यंकट चढला. पहिला जंपर झाला. दुसऱ्याचं काम वाढलं. टोक जळून भाकरीच्या कडेसारखं ठिसूळ झालं होतं, कापून नवीन बांधावं लागलं. वरून त्यानं विचारलं, “किती वाजले?”

शेषेरावनं मनगट पाहिलं. “अकरा वीस. लई टाइम हाय.”

थोड्या वेळानं पुन्हा. “किती?”

“अकरा... वीसच की. घाई नको करू.”

गौरम्मा रिकाम्या घागरीजवळ उभी होती. तिच्याकडं घड्याळ नव्हतं. ती खाली पाहत होती. मग ती एकदम म्हणाली, “शेषेराव, तुमच्या घड्याळात अकरा वीस, आन् खांबाची सावली तर खांबाच्या पायात आली.”

शेषेरावनं घड्याळ कानाला लावलं. मी वरून त्याचा चेहरा पाहिला, मित्रांनो. पहाटे सायकल काढायच्या घाईत चावी द्यायची राहून गेली होती.

“व्यंकट! सोड! तार सोड!”

व्यंकटनं काय म्हणून विचारलं नाही. त्यानं पक्कड टाकली आणि खांबाला मिठी मारली. पक्कड जमिनीवर पडायच्या आत लाइन आली.

काजळ्याचा हिसका मी किती वेळा खाल्ला होता. पण हे काही वेगळंच होतं. हजार बैल एकाच वेळी उधळले आणि सगळ्यांची मान माझ्याच कड्यात. निळा उजेड फुटला, माझ्या अंगावरचा गंज ठिणग्या होऊन उडाला, खाली ओल्या मातीतून वाफ निघाली. एक क्षण. मग सगळं शांत. तिकडं लाइन ट्रिप झाली होती.

“उतर रे, उतर!” बायका ओरडू लागल्या. पण शेषेराव त्यांच्याहून मोठ्यानं ओरडला, “थांब! हलू नको! तो ट्रायल देईल!”

हा शब्द गावाला कळला नाही, मला कळला. लाइन ट्रिप झाली की ऑपरेटर थोडा वेळ थांबतो आणि एकदा पुन्हा चालू करून पाहतो. एखादी फांदी, एखादा पक्षी असेल तर तेवढ्यात गळून पडतो. त्याला ट्रायल म्हणतात. अमृतरावला काय ठाऊक की इथं पक्षी नाही, माणूस आहे. माझ्या मधल्या कड्या लाल झाल्या होत्या. मला घिसाडणीचा घण आठवला. तिनं सांधे पक्के ठोकले असतील तर मी टिकेन, नाही तर नाही, इतकं साधं होतं ते.

व्यंकट खांबाला बिलगून डोळे मिटून होता. त्याचे ओठ हलत होते. खाली गौरम्मानं पदर तोंडात धरला होता.

ट्रायल आली. पुन्हा तोच हिसका. या वेळी माझ्या तीन कड्या वितळून एकमेकींत शिरल्या. पण त्या सुटल्या नाहीत. लाइन पुन्हा पडली, आणि मग मात्र अमृतरावनं ती तशीच बंद ठेवली.

व्यंकट उतरला तेव्हा त्याच्या हातावरचे केस जळाले होते, बाकी काही नाही. पाय जमिनीला लागले आणि तो खाली बसला. गौरम्मा त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याच्या पाठीत असा एक धपाटा घातला की सगळं गाव दचकलं. “दहा मिनिटांचं काम काय रे? दहा मिनिटांचं?” असं म्हणत म्हणत ती रडू लागली.

शेषेराव सायकल घेऊन पुन्हा सबस्टेशनला पळाला, लाइन नीट बंद ठेवायला सांगून आला. उरलेला जंपर बांधायला तो स्वतः चढला. आठ वर्षांनी. पोट खांबाला घासत होतं, पण कुणी हसलं नाही. दिवस कलायच्या आत बोअरची मोटर बोलू लागली.

संध्याकाळी खांबाखाली दोघांचा वाद झाला. शेषेराव म्हणाला, तिन्ही तारा एक झाल्या म्हणून लाइन पडली. व्यंकट म्हणाला, अक्कानं पाणी पाजलं म्हणून करंट खांबात न राहता जमिनीत गेला. मी त्या दोघांच्या मध्ये पडले होते, दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाबांनो, दोन्ही लागतं.

नंतर काही दिवस मला फार मान मिळाला. बायकांनी मला विभूती लावली. व्यंकटच्या आईनं मला दुधानं धुतलं, म्हणजे दूध कुठून असणार, बोटभर दूध टाकलेलं पाणी. मग मृगात थोडा पाऊस झाला, लोक पेरणीला लागले. काही वर्षांनी ऑफिसातून, तारांना अडकवून लाइन जमिनीला जोडायच्या, चिमट्यांच्या नव्या, चकचकीत दांड्या आल्या आणि मी या खिळ्यावर आले. याचं मला वाईट वाटत नाही. त्या दांड्या माझ्याहून चांगल्या आहेत. कोपऱ्यात पडलेल्या नसल्या तर.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या दिवशी सबस्टेशनातल्या वहीत अमृतरावनं लिहिलं की लाइन दोनदा ट्रिप झाली, कारण समजलं नाही. त्याचा तरी काय दोष? कारण लिहायचं तर खांबावर माणूस होता असं लिहावं लागलं असतं, आणि व्यंकट नावाचा माणूस कागदावर नव्हताच. तो मेला असता तरी त्या वहीत तेवढंच लिहिलं गेलं असतं. कारण समजलं नाही.

म्हणून मी हे तुम्हाला सांगून ठेवते. तुमच्याही गावात कुणी झिरो असेल, कुणाचा काका, कुणाचा दादा. त्याचं नाव तरी माहीत करून घ्या. तुम्ही स्वतः खांबाच्या, तारांच्या जवळ जाऊ नका, लांबच उभे राहा. पण तो चढायला निघाला की तिथूनच मोठ्यानं विचारा, “काका, साखळी टाकली का? जमिनीला पाणी पाजलं का?” तो म्हणेल, “दहा मिनिटांचं काम आहे, जा खेळायला.” तरी विचारा. पुन्हा विचारा. तो चिडेल. चिडू द्या. चिडलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो.